एका हाताची करवत

आमच्या घरात माझ्या लग्नावर जेवढी चर्चा झाली नसेल, तेवढी एका करवतीवर झाली. लग्नाचं तेव्हा काहीच जमलं नव्हतं. करवत मात्र शेवटी आली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. बाबा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले होते, आम्ही नागपुरात रामदासपेठेच्या मागच्या अंगाला भाड्यानं राहत होतो आणि मी एका शाळेत भूगोल शिकवत होते. घरात माणसं तीनच, आई, बाबा आणि मी. पण मतं तीसजणांना पुरतील एवढी.

आधीच्या उन्हाळ्यात बाबांना लकवा झाला. बोलणं शाबूत राहिलं, ते जाण्याची तशीही भीती नव्हती. डावा पाय थोडा ओढत चालायला लागला आणि डावा हात पार गेला. उशीला टेकवून ठेवला की ठेवल्या जागी राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं, "हळूहळू येईल." हळूहळू म्हणजे किती, हे डॉक्टरांना विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि सांगायची त्यांच्याकडेही नसावी.

आता या माणसाचा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाबांनी जन्मात कोणाला "जरा हे धर" म्हटलं नव्हतं. शर्टाची बटणं एका हातानं लावायला ते आत जाऊन दार लावून घ्यायचे. मी सायकल काढून शाळेत पोचायचे, प्रार्थना, हजेरी उरकायची, तरी इकडे यांचं दार बंदच असेल अशी माझी खात्री होती. आई दाराशी उभी राहून ओरडायची, "झालं काय? का पाडव्यालेच निंगता बाहीर?" आतून आवाज यायचा, "आलो!" दार काही उघडायचं नाही. एकदा ती तशीच स्वयंपाकघरात आली, पोळपाट आपटला आणि मला म्हणाली, "मी काय परकी आहो का वं? बटण लावून दे म्हणालं तं जीभ झडते का यांची?" तिचे डोळे भरले होते. मी भूगोलाची मास्तरीण, मी पोळपाट उचलून जागेवर ठेवला.

तर करवत. वीजकेंद्रातली बाबांची एक टोळी होती, सगळे जुने फिटर आणि ऑपरेटर. दर वर्षी पौषात ते रामटेकच्या पलीकडे जंगलात तळ्याकाठी ताडपत्र्या टाकून मुक्कामाला जायचे आणि रोडगे करायचे. रोडगे म्हणजे कणकेचे थरावर थर देऊन केलेले जाडजूड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या वांग्याच्या भाजीसोबत खायचे. या टोळीचा एकच नियम होता: ज्याला काम नाही, त्याला रोडगा नाही. आणि हा नियम ते लोक असा पाळायचे की, वीजकेंद्रातले नियम तसे पाळले असते तर विदर्भात दिवे गेलेच नसते. एका वर्षी एकाचा पाय मुरगळला होता, तर त्याला तुपाच्या डब्याशेजारी काठी घेऊन कुत्री हाकलायला बसवलं, पण काम दिलंच. कणीक एकाची, भाजी एकाची, पाणी एकाचं. लाकडं बाबांची. भाजीच्या चुलीला आणि शेकोटीला लागणारं सगळं लाकूड वर्षानुवर्षं बाबांनी कुऱ्हाडीनं फोडलेलं होतं आणि त्यात कोणाला ढवळाढवळ करू दिली नव्हती.

दिवाळी झाली तसे टोळीतले चौघं घरी आले. अगदी मनापासून म्हणाले, "भाऊ, यंदा तुमी फक्त खुर्चीवर बसून राहा. लाकडाचं आमी पाहून घेतो." बाबांनी त्यांना चहा पाजला, गेटपर्यंत सोडलं, परत आले आणि फुटले. "खुर्चीवर बसून राहा! मले काय गणपती समजले का? आरती बी करा म्हणा माही!" मग खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "काम असलं तं जाईन. नाई तं जाणार नाई. मंग कधीच जाणार नाई." हे शेवटचं त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण ते रागानं नव्हतं, हळू आवाजात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, "कुऱ्हाडीले दोन हात लागते. करवतीले एकच हात पुरते." वा! एवढा मोठा शोध आमच्या ओट्यावर लागला आणि आजूबाजूच्या चार घरांना पत्ताही नाही. आईनं मान हलवली, मी मान हलवली. हलकी, लहान, एका हातात मावेल अशी करवत घ्यायची ठरली. घरी अंगणातल्या फांद्या छाटायला होईल आणि जंगलात लाकूड कापायला.

ही बातमी फुटली आणि सल्लागार उगवले. शेजारी एक गृहस्थ होते, आयुष्यभर सरकारी कचेरीत कागद सरकवले, पण लाकडाबद्दल असं बोलायचे की जणू सागवान त्यांच्या परवानगीनं वाढतं. ते म्हणाले, "घ्यायची तर मोठी घ्या. लहान करवतीनं काय, नखं कापता येतात." बाबांनी विचारलं, "तुमी कापलं का कधी लाकूड?" ते म्हणाले, "मी कायले कापू? मी तत्त्वाची गोष्ट करून राहिलो."

मग आला माझा मामा. मामा कळमेश्वरला एका कारखान्यात होता आणि जगातल्या कुठल्याही यंत्राची गोष्ट काढली की ते त्यानं कारखान्यात कधीचंच उघडून पाहिलेलं असायचं. म्हणाला, "भाऊजी, कोणत्या जमान्यात राह्यता? परदेशात बिनवायरच्या करवती निंगाल्या. आत बॅटरी. बटन दाबलं का साखळी फिरते, गर्रर्र, झाड खाली!" बाबांनी डोळे बारीक केले. "तू पाह्यली?" "पाह्यली नाई, पण तत्त्व माहीत आहे." त्या महिन्यात तत्त्वांचं पीक फार आलं होतं.

पुढच्या रविवारी मामा ते तत्त्व घेऊन घरीच आला. कुठल्याशा पंपाची मोटर, लोखंड कापायचं पातं आणि ओळखीच्याकडून आणलेली ट्रकची बॅटरी. बॅटरी रिक्षातून उतरवायला मामा, रिक्षावाला आणि मी, तिघंजण लागलो. ही म्हणे एका हाताची करवत! मी म्हटलं, "मामा, ही वायर दिसून राहिली ना?" तर म्हणाला, "ही फक्त बॅटरीपासून मोटरपर्यंत. तिला वायर नाई म्हणत." मोटर सुरू झाली. आवाज असा की समोरच्या घरातलं बाळ उठलं. पातं थरथरायला लागलं, मामानं ते लाकडावर टेकवलं तर लाकडानं दाद दिली नाही, म्हणून मग आईच्या परडीतली काकडी घेतली. काकडी अर्ध्यापर्यंत कापली गेली आणि बॅटरी बसली. आई पदराला हात पुसत म्हणाली, "बाकीची मी विळीवर कापू का, का परदेशातून कोणी येते?" बाबा लकवा झाल्यापासून पहिल्यांदा इतके हसले. त्यासाठी मी मामाला आजही माफ करते.

मामाचं विज्ञान रिक्षात घालून परत पाठवलं आणि आम्ही बापलेक इतवारीत गेलो, लोहा ओळीत. तिथे सगळी लोखंडाचीच दुकानं, आणि दुकानदारांची जीभही लोखंडाची. पहिल्या दुकानात सुताराची लांब करवत दाखवली. बाबांनी ती एका हातात धरली तर पातं पुढे लवलवत राहिलं. "ही करवत आहे का छडी?" दुसऱ्या दुकानात कमानीची करवत होती, म्हणजे लोखंडी कमानीत ताणून बसवलेलं पातं. कापायला छान, पण पातं ढिलं झालं की ते पुन्हा ताणायला दोन हात हवेत. बाबांनी ती लगेच बाजूला ठेवली. तिसऱ्या दुकानातली घडीची होती, पण उघडल्यावर तिचा खिटी-स्क्रू आवळावा लागायचा. एका हातात मूठ, दुसऱ्या हातानं स्क्रू. तीही बाद. एवढं सूक्ष्म बघत होता हा माणूस! बैलबाजारात बैलाचे दात बघावेत तसे करवतीचे दात बघायचे, बोट फिरवायचे, उजेडाकडे धरून एका डोळ्यानं पातं सरळ आहे का बघायचे. मी पिशवी धरून मागे. दुकानदार मला विचारायचे, "बाबूजी का लकड़ी का धंधा है क्या?" मी म्हणायचे, "हां, नया-नया है."

शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात ती सापडली. मूठ लाकडी, जरा वाकडी, हातात गच्च बसणारी. पातं वीतभराहून जरा लांब, घडी होऊन मुठीतच जाणारं, आणि उघडलं की खट्कन आपोआप अडकणारं. बाबांनी मूठ मांडीला टेकवून एका हातानंच ती उघडून दाखवली. दुकानदारानं काउंटरवरच्या लोखंडी शिकंज्यात बाभळीचा दांडका घट्ट आवळला आणि म्हणाला, "चलाके देखो." बाबांनी चालवली. ओढताना कापणारे दात होते, भुसा भुरभुर खाली पडला आणि दांडक्याचा तुकडा खाली टपकला. दोन-चार गिऱ्हाईकं बघायला थांबली होती. दुकानदार म्हणाला, "देखा? एक हाथ का काम." बाबांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत पहिला नंबर आलेली पोरं बापाकडे जशी बघतात ना, अगदी तसं. मी तिथल्या तिथे पैसे दिले, घासाघीस केली नाही. लोहा ओळीत घासाघीस न करणारी मी पहिलीच असेन.

घरी आल्यावर सरावाला सुरुवात. अंगणात शेवग्याचं झाड होतं. शेवग्याचं लाकूड म्हणजे लाकूड म्हणायची आपली पद्धत. रागानं बघितलं तरी मोडेल. बाबांनी एक फांदी कापली, मग दुसरी. झाडानं काही तक्रार केली नाही, जागेवर उभं राहून सगळं सोसलं. मग बोरीच्या फांद्या झाल्या. मग शेजारच्या तत्त्ववेत्त्यांची मेंदी, त्यांनी मागितलेली नसताना. आठवड्याभरात आमचा शेवगा मुंज लागलेल्या बटूसारखा दिसायला लागला. आई म्हणाली, "आता शेंगा काय बजारातून आणू?" पण हे म्हणताना ती खुशीत होती, कारण बाबा आता सकाळी लवकर उठत होते, पोटभर जेवत होते आणि करवत खिशात घालून फिरत होते. टोळीला निरोप गेला: लाकडाचं काम माझंच. दुसऱ्या कोणी हात लावाचा नाई.

पौष आला. आधी कधी या मुक्कामाला बायका गेलेल्या नव्हत्या. यंदा आईनं ठणकावलं, "औषधाच्या गोया वेळेवर कोण देईन? तळं देईन?" बाबा कुरकुरले. टोळी मात्र लगेच तयार झाली, पण नियम आम्हालाही लागू. आईला वांगी चिरायचं काम मिळालं, मला लसूण सोलायचा. भूगोल शिकवणाऱ्या बाईची लायकी त्यांनी बरोबर ओळखली.

ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आम्ही दुपारी तळ्याकाठी पोचलो. ताडपत्र्या लागल्या. एकानं कणीक मळायला घेतली, एकानं गोवऱ्या रचल्या, एक पाण्याला गेला. बाबांनी करवत काढली आणि हुकूम सोडला, "कोणी माह्या मांगं येऊ नका." मग पाय ओढत झाडीच्या कडेला गेले. तिथे वाऱ्यानं पडलेली सागाची एक वाळकी फांदी होती, चांगली मांडीएवढी जाड. मी लसूण सोलत बसले होते तिथून सगळं दिसत होतं. त्यांनी खाली वाकून करवत मांडीला लावून खट्कन उघडली, फांदीवर टेकवली आणि ओढली.

फांदी गडगडली.

त्यांनी ती पायानं जागेवर आणली, पुन्हा करवत टेकवली, पुन्हा ओढली. फांदी पुन्हा करवतीसोबतच त्यांच्याकडे आली. मग त्यांनी उजवा पाय तिच्यावर ठेवला. पण आता सगळा भार डाव्या पायावर आला आणि ते असे झोकांडले की मी लसूण टाकून अर्धी उभी राहिले. ते सावरले. मग दोन दगड आणून लावले. फांदी दगडांवरून घसरली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानात लाकूड शिकंज्यानं धरलं होतं. घरी फांदी झाडानं धरली होती. एक हात कापतो तेव्हा दुसरा हात लाकूड धरतो, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. आणि आम्ही! मूठ बघितली, दात बघितले, घडी बघितली, स्क्रू बघितला, कळमेश्वरहून ट्रकची बॅटरी आणवली. लाकूड कोण धरणार हे आमच्यातल्या एकाही अक्कलवंताला सुचलं नाही. बाबांना नाही, दुकानदाराला नाही, बी. एड. झालेल्या मला तर मुळीच नाही. का, तर मदत हा विषयच त्या घरात काढायचा नव्हता. हातांचा हिशेब करताना आम्ही सगळ्यांनी फक्त त्यांचेच हात मोजले.

टोळीनंही बघितलं होतं. एकदम सगळ्यांना कामं आठवली. मळून झालेली कणीक पुन्हा मळली जाऊ लागली. पाणी भरून आलेला माणूस भरलेला हंडा घेऊनच पुन्हा तळ्याकडे निघाला. त्यातला एक जण न राहवून उठला, तसं दुसऱ्यानं त्याचं धोतर धरून खाली बसवलं आणि दातओठ खात म्हणाला, "बस ना बे चुपचाप." मी आईकडे बघितलं. तिचा वांगं चिरायचा हात थांबला होता, पण ती जागची हलली नव्हती. बाबांकडे एकटक बघत होती. मला तिचा संताप आला. अगं जा ना, बसलीस काय! ती जाणार नव्हती. न बोलावता जायचं तिनं सहा महिने करून बघितलं होतं, दर वेळी दार बंद झालं होतं.

बाबा फांदीशेजारी उभे होते. उजव्या हातात करवत, डावा हात बाजूला लोंबत. आमच्याकडे पाठ होती. मला वाटलं, आता करवत फेकतील. आता येतील आणि म्हणतील, चला, ट्रक काढा, आणि मग हा माणूस परत घराबाहेर पडणार नाही. मी देवाला कधी फार त्रास देत नाही, पण त्या वेळी दिला.

ते वळले. चेहरा लालभडक झाला होता. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी आईला हाक मारली.

"अवं," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "अवं, जरा धर ना हे."

आईनं विळी आडवी केली, हात पुसले, उठली. घाई केली नाही. माझी आई म्हणजे टोमणा मारायची एक संधी न सोडणारी बाई. आणि त्या दिवशी तिच्याजवळ इतके टोमणे होते की सबंध पौष पुरले असते. ती तिथे गेली, फांदीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हातानं धरू का वर बसू?"

"बस," बाबा म्हणाले.

ती लुगडं सावरून, टोळीच्या आठ-दहा पुरुषांसमोर, घोड्यावर बसावं तशी त्या फांदीवर बसली. फांदी हलायची बंद झाली. बाबांनी तिच्या पायाशी वाकून करवत टेकवली आणि ओढली. भुसा तिच्या पायांवर पडायला लागला. ते मधेच थांबले आणि म्हणाले, "लागून राह्यलं का?" ती म्हणाली, "नाई. चालवा तुमी."

माझे डोळे वाहायला लागले. धूर गेला म्हणावं, तर चूल अजून पेटलीच नव्हती.